मेस्ताला गाव म्हणता, मग वडाळ्याला काय म्हणता?

मागच्या मे महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एका रात्रीत ६४ फोटो येऊन पडले. माझा आतेभाऊ आणि वहिनी ग्रीसला गेले होते. दादा टूर कंपनीबरोबर जात नाही. तो ‘ऑफबीट’ जातो, आणि आपण ऑफबीट गेलो हे सगळ्यांना कळेल याची काळजी घेतो. त्यामुळे सँटोरिनीचे निळे घुमट चार फोटोंत उरकले होते आणि उरलेले साठ फोटो खिओस नावाच्या बेटावरच्या मेस्ता या गावाचे होते. दगडी बोळ, कमानी, दारात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी, मांजर, पुन्हा बोळ, पुन्हा मांजर. खाली दादाची ओळ: ‘समुद्रापासून आत लपलेलं शेकडो वर्षांचं गाव. लोकांनी काय जपलंय! आपल्याकडे असं काही नाहीच.’

अकरा जणांनी अंगठे दिले. आईनं हात जोडलेला इमोजी टाकला, कारण ती सगळ्यालाच तो टाकते. मी लिहिलं, ‘दादा, तुझा जन्मपण बेटावरच्या आतल्या गावातलाच आहे की.’ तो म्हणाला, ‘कुठल्या गं?’ मी म्हटलं, ‘वडाळ्याच्या.’ आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा यात खोटं काही नाही. दादानं हसून हसून रडणारे पाच चेहरे पाठवले.

हा लेख त्या पाच चेहऱ्यांबद्दल आहे. दादावर माझा राग नाही, तो साधा माणूस आहे. राग आहे तो त्या हसण्यावर, कारण ते हसणं त्याच्या एकट्याचं नाही. मुंबईत राहणाऱ्या मराठी माणसाला ‘गाव’ म्हटलं की कोकण आठवतं, सातारा आठवतं, आणि हल्ली फोनमुळे ग्रीस नि इटलीसुद्धा आठवतं. पायाखाली आहे ते मात्र ‘एरिया’, ‘लोकेशन’ आणि ‘प्रॉपर्टी’. ज्या जागेला आपणच गाव म्हणत नाही ती जागा दुसऱ्या कुणी पुसून टाकली, तर आपण नेमकी कशाबद्दल तक्रार करणार आहोत?

मेस्ताचं माप मेस्ताच्या पदरात

मेस्ता खरंच भारी आहे, हे आधी कबूल करते. मी तिथे गेलेले नाही, पण दादाच्या फोटोंनी डोकं उठवल्यावर वाचत बसले.

खिओस हे तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून असलेलं ग्रीक बेट. त्याच्या दक्षिण भागात एक बुटकं झाड वाढतं. त्याच्या सालीला चिरा पाडल्या की डिंकाचे थेंब गळतात आणि वाळून त्यांचे खडे होतात. ही मस्तकी. आपल्याला ती अगदीच परकी नाही, युनानी औषधांच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ मागितली तर पुडी बांधून मिळते. १३४६ ते १५६६ या काळात हे बेट जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होतं आणि मस्तकी ही त्यांची रोकड होती. समुद्रात चाचे फिरत होते. म्हणून मस्तकीची गावं किनाऱ्यापासून आत बसवली. मेस्तामध्ये कडेच्या घरांच्या पाठभिंती हीच गावाची तटबंदी आहे. आत शिरायच्या वाटा मोजक्या, बोळ मुद्दाम वाकडेतिकडे. घरांची धाबी एकमेकांना लागून आहेत, म्हणजे शत्रू आत आलाच तर लोकांनी धाब्यांवरून पळत मधल्या बुरुजापर्यंत पोचावं.

दादाच्या साठ फोटोंत एक गोष्ट मात्र आली नव्हती. झाडाला चिरा पाडणारा माणूस त्या मस्तकीचा मालक नव्हता. माल आधी जिनोआवाल्यांचा आणि नंतर सुलतानाचा. चोरून विकणाऱ्याला जबर शिक्षा होती. मला विचाराल तर ती तटबंदी चाच्यांना बाहेर ठेवायला जितकी होती, तितकीच डिंक आत ठेवायलाही होती.

म्हणजे सगळी हौसमौज बाजूला काढली तर अशा गावाला काय लागतं? एक बेट. बेटावर काठापासून थोडी आतली जागा. एक मोलाची वस्तू. ती वस्तू काढणारे राबते हात, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले सरकार, व्यापारी, चाचे. आता हीच यादी घेऊन वडाळ्याला येऊ.

यादी तपासून बघा

बेट तर आहेच. मुंबई सात बेटांची हे आपण चौथीत पाठ केलं आणि पाचवीत विसरलो. वडाळा परळच्या बेटावरचं. पोर्तुगीजांनी १५४५ ते १५४८ च्या दरम्यान परळ, वडाळा, शीव आणि वरळी मानुएल सेराँव नावाच्या माणसाला देऊन टाकली. जे दिलं जातं ते आधीपासून असावं लागतं. म्हणजे १६६१ चा तो प्रसिद्ध लग्नाचा तह व्हायच्या शंभर वर्षं आधी वडाळा कागदावर आहे. तेव्हा चर्चगेट नव्हतं, फोर्ट नव्हता, आज ज्याला आपण ‘ओल्ड बॉम्बे’ म्हणून मान वर करून बघतो त्यातलं काहीच नव्हतं.

चाचे? चाच्यांच्या तोडीचे होते. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान फौज घेऊन शिवडीला उतरला. शिवडी म्हणजे आमचं आधीचं स्टेशन. त्यानं शिवडी घेतली, माझगाव घेतलं, आणि ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब दक्षिणेकडच्या किल्ल्यात कोंडले गेले. १६९० च्या मध्यावर सिद्दी निघून गेला. किल्ल्यातल्या साहेबांचे हाल पुस्तकांत सविस्तर सापडतात. किल्ल्याबाहेर राहिलेल्या गावांनी ते वर्ष कसं काढलं, ते कुणी लिहून ठेवलंय? वडाळ्याच्या वाट्याला मेस्तासारखी तटबंदी आली नाही. खाडी आणि गुडघाभर चिखल, एवढाच काय तो आडोसा.

आणि मोलाची वस्तू होती मीठ. वडाळ्याच्या पूर्वेला खाजण होतं. उधाणाचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्या खाचरात फिरवत उन्हात आटवायचं, तळाशी धरलेलं मीठ ओढून ढीग लावायचे, आणि हे सगळं पावसाच्या आत उरकायचं. उन्हात पाय मिठानं फुटायचे. आगरी हे नावच मुळी आगरावरून आलेलं, मिठाच्या आगरावरून. मेस्ताचा माणूस झाडाला चिरा पाडायचा, इथे चिरा माणसाच्या टाचांना पडायच्या. मालावर हक्क दोघांचाही नव्हता. मिठावर सरकारचा कर होता, आणि तो कसा वसूल होतो हे १९३० साली सगळ्या देशाला कळलं.

मिठाचा सत्याग्रह म्हटलं की आपल्याला दांडी माहीत असते. फार तर धारासना. १ जून १९३० ला वडाळ्याच्या मिठागरावर सुमारे १५ हजार माणसं चालून गेली. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वे फाटकाशी पोलिसांचं कडं होतं. ते तोडून माणसं, त्यांत बायका आणि मुलंही, चिखल तुडवत खाचरांत उतरली आणि मीठ घेऊन आली. दीडशेच्या आसपास लोक जखमी झाले. मी रोज ज्या वाटेनं स्टेशनला जाते त्या वाटेवर हे सांगणारी एकही पाटी मला दिसलेली नाही. ‘सी व्ह्यू टू बीएचके’च्या पाट्या मात्र मोजल्या तर सात निघतील.

यादी पुरी झाली. बेट, आतलं गाव, वस्तू, राबणारे, टपलेले. दादा, आता हस.

रविवारची सहल

दादा हसला नाही, तो आला. परत आल्यावर एका रविवारी सकाळी मी त्याला बोलावलं. म्हटलं, ‘मेस्तात फिरलास तसाच फीर. कॅमेरा आण, बूट घाल, पाण्याची बाटली घे, आणि तिथे जसा उगीचच थांबत होतास तसा इथेही थांब.’

स्टेशनपासून सुरुवात केली. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची रेल्वे व्हीटीहून कुर्ल्याला गेली, ती याच हार्बर लाइनवरून, वडाळ्यातून. दादा या स्टेशनात हजारदा उतरलाय. त्याला ठाऊक नव्हतं. मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं.

पुढे सरळ रस्ते लागतात. हे रस्ते सरळ आहेत म्हणजे कुणीतरी ते पट्टीनं आखलेत. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या शेतांवर नव्या वसाहती आखल्या गेल्या. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही सगळी त्या आखणीची अपत्यं. सुंदर आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही, माझं निम्मं कॉलेज फाइव्ह गार्डन्सच्या कट्ट्यावर गेलंय. पण आखणी करणाऱ्या माणसाला नकाशावर मोकळी जागा दिसते तेव्हा तिथे कुणाचं तरी भाताचं खाचर असतं. गाव संपलं नाही. ते सरळ रस्त्यांच्या मधल्या बेचक्यांत जाऊन बसलं.

मग कात्रक रोडवर विठ्ठलाच्या देवळात गेलो. चारशे वर्षांचं सांगतात. तुकाराम महाराजांशी नातं जोडणारी कथा इथल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे, आमच्या आजीच्या कथेत मिठागरवालेही यायचे. पुरावा काय, असं दादानं विचारलं. मी म्हटलं, ‘मेस्तातल्या गाइडला विचारला होतास?’ आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते इथे येतात. लालबाग, परळहून चालत येणाऱ्या दिंड्या असतात, रांग कुठल्या कुठे जाते. म्हणून तर याला प्रतिपंढरपूर म्हणतात.

शेवटी आमच्या चाळीत आलो. मधे अंगण, अंगणात जाळी टाकलेली विहीर, कडेला वड आणि त्याचा पार. अंगणातून एक बोळ निघतो तो देवळाकडे. आषाढीला हाच बोळ वारकऱ्यांची आडवाट होतो, आणि चाळ पारावर पाण्याची पिंपं, केळी आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन बसते. ही प्रथा कुणी सुरू केली, कुणाला माहीत नाही. ‘हेरिटेज’ म्हणून कुणी ती चालवत नाही. माणसं उन्हातून येतात, त्यांना पाणी द्यायचं असतं, एवढंच.

दादा पारावर बसला, चहा घेतला, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, ‘सगळं पटलं गं. पण हे सुंदर नाहीये.’

सुंदर कशामुळे दिसतं?

हा खरा मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. वडाळा सुंदर नाही. वायरी लोंबतात, पत्र्याच्या शेड आहेत, स्कूटर बोळात उभ्या असतात, गटाराला वास येतो. मेस्ताचा बोळ फोटोत देखणा येतो.

पण तो बोळ देखणा का येतो? त्यात माणसं नाहीत म्हणून. त्या गावांतली तरणी पोरं कधीच अथेन्सला आणि परदेशी निघून गेली. दादाच्या साठ फोटोंत मला म्हातारी दिसली, मांजरं दिसली, शाळेतून घरी येणारं एकही पोर दिसलं नाही. आमच्या चाळीत अठरा खोल्यांत सत्तरेक माणसं आहेत. सत्तर माणसांचे कपडे वाळत पडणारच. उद्या आम्ही सगळे विरार-बदलापूरला गेलो, भिंतींना चुना फासला आणि एक म्हातारी नि दोन मांजरं मागे ठेवली, तर वडाळ्याच्याही रील्सना लाखभर व्ह्यूज मिळतील. रिकामपणाला आपण सौंदर्य म्हणायला शिकलो आहोत, आणि ही शिकवणी आपल्याला फोननं दिलीय.

आता हे वाचून हेरिटेजप्रेमी मंडळी खूश होतील, म्हणून पुढचं त्यांच्यासाठी. तीही रविवारी येतात, गळ्यात कॅमेरा, पायात कोल्हापुरी. लाकडी कठड्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, ‘प्लीज, हे बदलू नका हं.’ ताई, दादा, अठरा खोल्यांना मिळून चार संडास आहेत. माझ्या आईचे गुडघे गेलेत आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. रात्री तिला कुणीतरी धरून खाली न्यावं लागतं. तो कठडा तुम्ही रविवारी बघता, आम्ही तो बुधवारी रात्री अडीच वाजता बघतो. मेस्ताच्या लोकांनीही सगळं जसंच्या तसं ठेवलं नव्हतं. तो मधला बुरुज, सगळी धाबी ज्याच्याकडे धावत होती तो, त्यांनीच एकोणिसाव्या शतकात पाडला आणि त्या जागी मोठं चर्च बांधलं. चाच्यांची भीती संपली होती, एकत्र जमायला जागा हवी होती. गाव त्यांचं होतं, निर्णय त्यांनी घेतला. पुढे १९३८ मध्ये बेटावरच्या मस्तकी उत्पादकांची सहकारी संघटना उभी राहिली. शेकडो वर्षं दुसऱ्याच्या मालाला चिरा पाडणाऱ्यांच्या हाती अखेर आपला माल आला. मला मेस्ताचा हेवा वाटतो तो याचा. कमानींचा नाही.

तिसरा पाहुणा

दादा हसतो, हेरिटेजवाले हळहळतात, आणि तिसरा पाहुणा फाइल घेऊन येतो. बिल्डरचं नाव लिहीत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. त्याच्या ब्रोशरमध्ये टॉवरला भूमध्य समुद्राकाठचं नाव आहे, चित्रात पांढऱ्या भिंती नि निळं आकाश आहे, आणि ठळक अक्षरांत ‘आयलंड लिव्हिंग’ लिहिलंय. बेटावरच्या गावातल्या लोकांना बेटावर राहायला मिळेल, असं वचन आहे! दादा हसला तेव्हा त्याला निदान फुकट हसता आलं. आमच्याकडून हे हसं घेऊन वर सही मागतात.

नकाशा मी नीट पाहिला. अंगणाच्या जागी पार्किंगचे मजले. विहीर नाही. वड ‘स्थलांतरित’, म्हणजे मेला. बोळाच्या तोंडाला गेट आणि वॉचमनची केबिन. आषाढीला येणारी माणसं गेटला वळसा घालून हमरस्त्यानं जातील, आणि दोन-चार वर्षांत इथून वाट होती हे कुणाला आठवणारही नाही. मेस्तानं भिंत बांधली ती बाहेरच्या हल्ल्यासाठी, आत मात्र धाब्याला धाबं जोडून ठेवलं, पळताना शेजाऱ्याच्या घरावरून जाता यावं म्हणून. हा टॉवर भिंतही बांधतो आणि आतली दारंही बंद करतो.

मी सही करणार आहे. ही ओळ लिहिताना मला जड जातंय, पण न लिहिणं लबाडी होईल. आईला लिफ्ट हवी आहे, घरात संडास हवा आहे, आणि ते मागणं जगातल्या कुठल्याही दगडी कमानीपेक्षा मोठं आहे. शिवाय आम्ही इथले मूळचे नाही, आजोबा रत्नागिरीहून येऊन भाड्यानं राहिले. आम्ही या गावातली तिसरी पिढी. पण सही कशाखाली करायची, हे आपण ठरवू शकतो. आमच्या भाडेकरूंच्या सभेत मी लिहून दिलंय: बोळातून देवळाकडे जाणारी वाट सगळ्यांसाठी खुली राहील, हे करारात हवं, तोंडी नको. विहीर बुजवायची नाही, आणि नकाशा वड नि पार जागेवर धरून काढायचा. इमारतीला नाव इथलं हवं. तिसऱ्या मागणीवर सगळे हसले, पहिलीवर दोन तास भांडण झालं. ‘गेट नसेल तर रेट पडेल,’ असं एकजण म्हणाले. त्यांचं चुकत नाही. रेट पडेलही. प्रश्न एवढाच की आपण खोली वाढवून घेतोय की गाव विकतोय, हे सही करताना माहीत असावं. पुढची सभा रविवारी आहे आणि माझ्या बाजूला सध्या अठरापैकी सात खोल्या आहेत.

दादाला अजूनही वडाळा सुंदर वाटत नाही. करारातलं वाटेचं कलम मात्र त्यानं त्याच्या ओळखीच्या वकिलाकडून दुरुस्त करून आणलं, फी न घेता. मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या कागदावर काय लिहिलंय?

१८६३ मध्ये गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं. मुंबई शहरावरचं मराठीतलं ते पहिलं मोठं पुस्तक. ते स्वतः लहानपणी गोव्याहून इथे आलेले. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका माणसानं आपल्याच शहराकडे प्रवाशाच्या कुतूहलानं बघून दाखवलं होतं. ते कुतूहल आपण सध्या व्हिसा लागणाऱ्या जागांसाठी राखून ठेवलंय. ग्रीसला जा, जरूर जा, पैसे साठवून मीही जाईन, मेस्ताच्या धाब्यांवर चढू देत असतील तर चढेनही. फक्त परत येऊन ‘आपल्याकडे असं काही नाही’ असं लिहू नका.

वडाळ्याला रील करायला या, असंही मी म्हणत नाही. त्याऐवजी एक काम करा. घरातल्या कपाटात जागेचे जुने कागद असतील, ते काढा. मुंबई बेटावरच्या जमिनींच्या कागदांत सर्व्हे नंबरापुढे ‘डिव्हिजन’ लिहिलेलं असतं. वडाळ्यातल्या कित्येक टोलेजंग टॉवर्सच्या कागदांवर आजही काय लिहिलेलं असतं, माहीत आहे? ‘सॉल्ट पॅन डिव्हिजन’. खाचरं गेली, बांध गेले, मीठ ओढणारे पाय गेले, पण दोन कोटींच्या फ्लॅटचा कागद अजून मिठागराचं नाव सांगतो. आपण तो कर्जासाठी बँकेत देतो आणि न वाचता परत कपाटात ठेवतो.

वाचा. त्यावर गावाचं नाव सापडेल. मग सही करा, किंवा करू नका.